आता मनासारखं बोल

माइकने कधी फजिती केली नाही असा गायक अजून जन्माला यायचा आहे, आणि जो तसं म्हणतो तो एक तर थापा मारतो किंवा फक्त न्हाणीघरातच गातो. तिची तर इतक्या वर्षांत झाली नव्हती अशी फजितीच उरली नव्हती. ऐन विरहाच्या गाण्यात माइकचा दांडा हळूहळू मान टाकत खाली गेला होता आणि त्याच्याबरोबर तीही गुडघ्यांत वाकत वाकत कडव्याच्या शेवटी जवळजवळ उकिडवी बसली होती, एकदा वायरमध्ये पाय अडकून ती थेट निवेदकाच्या अंगावर जाऊन आदळली होती, आणि एकदा तर स्पीकरमधून तिच्या आवाजाऐवजी आसपासच्या टॅक्सीवाल्यांचं वायरलेसवरचं बोलणं यायला लागलं होतं, तेव्हा "स्टेशनजवळ कोण आहे?" असं कुणीतरी विचारताच पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थांनी हात वर केला होता. लोक हसायचे, तीही हसायची, कारण हॉलच्या टोकाला आवाजाच्या मिक्सरमागे तिचा नवरा बसलेला असे, आणि तो असला की कुठलीही फजिती फार वेळ टिकत नसे.

त्याला सगळे बटण्या म्हणत. वाद्यवाले, हॉलवाले, इतकंच काय, तिची आईसुद्धा. चारचौघांत तो फारसं तोंड उघडायचा नाही. जे काय बोलायचं ते तिच्या कानात. गाताना तिच्या डाव्या कानात एक बारकं यंत्र असायचं, तिला स्वतःचा आवाज नीट ऐकू यावा म्हणून, आणि त्याला जोडलेला एक छोटा माइक बटण्याच्या हाताशी असायचा. त्यातून तो जे बोले ते हॉलमध्ये कुणालाही ऐकू जात नसे, फक्त तिला. खरं तर ही सोय 'वेळ संपत आली', 'पुढचं गाणं गाळ' असल्या कामाच्या गोष्टींसाठी होती. पण बटण्या तिच्यातून संसार करायचा. "पाणी पी." "खांदे सैल सोड." "तिसऱ्या रांगेतले काका घोरतायत, जरा वरचा सूर लाव." "निघताना गॅस बंद केला होतास ना?" गाता गाता उत्तर कसं देणार? ती नुसती मान हलवून हो म्हणायची, काहीही विचारलं तरी हो. आणि ऐन हुंदक्याच्या जागी तिच्या ओठांवर जे बारीक हसू यायचं, त्याबद्दल जाणकार मंडळी फार गंभीरपणे बोलत.

मध्यंतर झालं की तो पडद्यामागे यायचा. तिच्या कमरेला पाठीमागे गळ्यापाशी लावलेल्या बारक्या माइकची डबी अडकवलेली असे, तिचं बटण अंगठ्याने दाबायचा, टक्, आणि म्हणायचा, "झालं. आता मनासारखं बोल." मग ती सुटायचीच. व्हायोलिनवाल्याने कुठे घाण केली, बूट कुठे चावतोय, पहिल्या रांगेतली ती बाई कशी सारखी मोबाइल बघतेय, सगळं एका दमात. ते बटण तिने स्वतः कधी दाबलं नव्हतं. ते डबीच्या वरच्या बाजूला असतं की खालच्या, हेसुद्धा तिला धड माहीत नव्हतं. ते त्याचं काम होतं.

तो गेला तो एका रविवारी सकाळच्या कार्यक्रमात. शेवटचं गाणं चालू होतं, हॉल गच्च भरलेला, आणि दुसऱ्या कडव्यात तिच्या कानात अशी शिट्टी वाजली की डोळ्यांपुढे अंधारी आली. तिने ते यंत्र कानातून ओढून काढलं, ते खांद्यावर लोंबकळत राहिलं, आणि स्वतःचा आवाजच ऐकू येईना तेव्हा तिचा सूर सगळ्यांदेखत घसरला. कुणीतरी खुदकन हसलंही. तिने रागाने मिक्सरकडे पाहिलं. बटण्या त्या छोट्या माइकवर पार वाकला होता आणि त्याचे ओठ हलत होते. आता काय सांगतोयस, गाण्याचा तर बट्ट्याबोळ केलास, असं मनात म्हणत तिने डोळे मिटले आणि गाणं कसंबसं पार पाडलं. टाळ्या सुरू झाल्यावर तिने डोळे उघडले, तर त्याची खुर्ची रिकामी होती आणि चार-सहा माणसं टेबलामागे जमिनीकडे वाकून बघत होती.

हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. हात बटणांवरून घसरला असणार, म्हणून ती शिट्टी. पण शिट्टीनंतर तो बोलत होता, हे तिने आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि त्याचं ते शेवटचं बोलणं तिच्या खांद्यावर लोंबकळणाऱ्या यंत्रात, तिच्या कानापासून वीतभर अंतरावर विरून गेलं होतं.

काय म्हणत होता तो? डॉक्टर बोलव, म्हणत होता का? की येतो, म्हणत होता? की नुसतंच, पाणी पी? ती रात्रंदिवस त्यावर डोकं फोडत राहिली. घरात कपाटभर रेकॉर्डिंग होती, पण त्यात सगळीकडे तीच. त्याचा आवाज कुठेच नव्हता. कुठे चुकून आलाच तर तो स्वतःच कापून टाकायचा. "माझं काय ऐकायचंय?" म्हणायचा. आता त्याचा आवाज आठवायला गेलं की शब्द आठवायचे, आवाज यायचा नाही, आणि मग ती स्वयंपाकघरात ओट्याला टेकून लहान मुलीसारखी रडायची. एकदा, फक्त एकदा तो आवाज कानावर पडावा आणि ते वाक्य कळावं. त्याच्या बदल्यात तिने उरलेली सगळी गाणी आनंदाने देऊन टाकली असती.

वर्षभर ती गायली नाही. शेवटी लेकीनेच तगादा लावला. लेक नोकरी सांभाळून आठवड्यातून दोनदा आईकडे यायची, फ्रिजमधलं शिळं काढून टाकायची आणि आई भिंतींशी बोलते हे ऐकून न ऐकल्यासारखं करायची. "आई, एक कार्यक्रम कर. नाही जमलं तर नाही जमलं, कोण फाशी देतंय?" असं म्हणत तिनेच हॉल ठरवला, वाद्यवाले जमवले आणि साउंडवालाही शोधला. हा साउंडवाला एक टक्कल पडलेला, अबोल माणूस होता. त्याने बटण्याला कधी पाहिलंही नव्हतं.

कार्यक्रमाचा पहिला भाग बरा गेला. कानात काही घालायला तिने साफ नकार दिला होता, पायाशी ठेवलेल्या स्पीकरवर ती भागवत होती. मध्यंतराला टाळ्या घेऊन ती मागच्या खोलीत आली, दार लोटलं, आरशासमोरच्या खुर्चीत बसली आणि घरी बोलायची तसंच बोलू लागली.

"झाला बघ अर्धा. नवा माणूस कामाला चांगला आहे रे, पण हात बर्फासारखे गार आहेत त्याचे. डबी लावताना दचकलेच मी." थोडं थांबून ती म्हणाली, "हो, पिते." समोरचा ग्लास उचलून ती पाणी प्यायली. "तुझ्याशिवाय फार भकास वाटतं तिथे उभं राहिलं की. मिक्सरकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी दर गाण्याला नजर जातेच." मग डोळे भरून आले आणि तिने वर्षभर रोज विचारलेलं पुन्हा विचारलं, "सांग ना रे एकदा. काय म्हणत होतास तेव्हा?"

दार धाडकन उघडलं. दारात लेक उभी होती, धापा टाकत, चेहरा पांढराफटक.

"आई, माइक! माइक चालू आहे! मी बाहेर होते, लोक सांगतायत, सगळ्या हॉलला ऐकू जातंय!"

तिचा हात पाठीमागे गेला, पण बटण सापडेना. शेवटी लेकीनेच ते चाचपडून बंद केलं. अशा वेळी धरणीने पोटात घ्यावं असं वाटतं, तिलाही वाटलं. बाईचं डोकं फिरलंय, मेलेल्या नवऱ्याशी गप्पा मारते, असं आता गावभर होणार. खाली मान घालून ती पुन्हा रंगमंचावर गेली. पण कुणी हसलं नाही. उलट इतक्या मायेने टाळ्या झाल्या की ती चक्रावलीच.

कार्यक्रम संपल्यावर बाहेरच्या दालनात एका म्हाताऱ्या बाईंनी तिचा हात हातात घेतला. "तुमच्या यजमानांचा आवाज किती गोड आहे हो! पाणी पी, पाणी पी, किती ती काळजी. आमच्याकडे कुणी विचारत नाही. पुढच्या वेळी त्यांनाही आणा की पुढे."

बाईंचा काहीतरी घोटाळा झाला असेल असं तिला वाटलं. पण मग एका तरुण जोडप्याने तेच म्हटलं. मग हॉलच्या व्यवस्थापकाने. सगळे हसून, सहज, एखाद्या घरगुती गमतीबद्दल बोलावं तसे बोलत होते.

ती तशीच हॉलमध्ये परतली. साउंडवाला वायरी गुंडाळत होता.

"माझा माइक चालू राहिला हे तुम्हाला कळलं नाही का हो?" तिने विचारलं.

"कळलं ना मॅडम," तो वायरीवरून नजर न काढता म्हणाला. "लगेच बंद करायला हवा होता, चुकलंच माझं. पण तुम्ही दोघं इतकं छान बोलत होतात की हात पुढेच जाईना."

"आत मी एकटीच होते."

त्याचे हात थांबले. मग त्याने कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग लावलं आणि हेडफोन तिच्याकडे दिला. तिने तो दोन्ही हातांनी कानांवर गच्च दाबून धरला. स्वतःचा आवाज आला, गार हातांबद्दल बोलणारा. मग पंख्याची घरघर. मग, "हो, पिते." पुन्हा घरघर. तिने पुन्हा ऐकलं, आणखी एकदा ऐकलं. आपण थांबतो तिथे पंखाच फिरत होता, दुसरं काही नव्हतं.

"काहीच नाहीये," असं म्हणत तिने हेडफोन लेकीच्या हातात दिला.

लेकीने तो कानाला लावला आणि खुर्ची ओढून बसली. तिचे डोळे घळाघळा वाहू लागले. "बाबा," ती म्हणाली. "आई, बाबा आहेत गं."

"काय म्हणतोय? अगं, सांग ना!"

"पाणी पी म्हणतायत. खांदे सैल सोड म्हणतायत. मिक्सरकडे नको बघूस, मी तिथे नाहीये, असं म्हणतायत."

"आणि मी शेवटी विचारलं, त्यावर?"

लेकीने हेडफोन काढला आणि मांडीवर ठेवला. "त्यावर बोलायला सुरुवात केली त्यांनी. आणि मी दार उघडलं."

इतकी वर्षं तो फक्त तिच्या एकटीच्या कानात बोलला होता. आता सगळ्या जगाला तो ऐकू येत होता, व्हायोलिनवाल्याला, हॉलच्या व्यवस्थापकाला, रस्त्यावरून तिकीट काढून आत आलेल्या कुठल्याही माणसाला. तिलाच तेवढा नाही. टॅक्सीत बसल्यावर तिच्या मनात आलं की एवढा दुष्टपणा तर बटण्याच्या स्वभावात नव्हता. मग तिला हुंदका आवरेना. लेक तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. बापाचा आवाज आपल्याला मिळाला आणि आईला नाही, ही अपराधी भावना तिला सोडत नव्हती.

घरी त्यांनी करून पाहिलं. माइक आणला, डबी आणली, लेक हेडफोन लावून बैठकीत बसली आणि ती स्वयंपाकघरात तासन्‌तास बोलत राहिली. लेक प्रत्येक वेळी मान हलवायची: काही नाही. घरी नुसतं बसून बोलायची त्याला सवयच नव्हती. त्याला समोर भरलेला हॉल लागायचा, आणि त्या सगळ्यांत ती एकटी लांबवर उजेडात उभी असलेली लागायची.

म्हणून तिने पुढचा कार्यक्रम स्वतःहून ठरवला. लोकांना वाटलं, चला, सावरली बाई. ती रियाजाला बसू लागली, नीट जेवू लागली. लेक मात्र दिवसेंदिवस गप्प होत गेली. ते रेकॉर्डिंग तिने स्वतःजवळ ठेवून घेतलं होतं आणि ऑफिसला जाता-येता ती ते ऐकायची.

"आई, राहू दे ना हे," ती एकदा भाजी निवडता निवडता म्हणाली. "गा तू, पण त्यांना काही विचारू नकोस."

"का? तुला मिळालं ते मला नको मिळायला?"

"तसं नाही गं." लेकीने हातातली शेंग सोलली. "गेलेल्या माणसाचा आवाज मागून यावा ना? तसा नाही वाटत तो. कुठेतरी पुढे जाऊन, थांबून, वळून बोलल्यासारखा वाटतो."

"थांबला असेल," ती म्हणाली. "कुठेही जाताना तो थांबायचाच माझ्यासाठी. मला चप्पल सापडायची नाही."

कार्यक्रमाच्या दिवशी तिने स्वतःच कानातलं यंत्र मागून घेतलं. साउंडवाल्याने ते लावून दिलं. "तुम्ही बोलाल तेव्हा माइक बंद नको ना करू?" एवढंच तो म्हणाला, आणि तिने मान हलवली. लेक तिसऱ्या रांगेत कडेला बसली होती, पर्स छातीशी घट्ट धरून. मध्यंतरात टाळ्या घेऊन ती मागच्या खोलीत गेलीच नाही, पडद्यामागे उभी राहून नुसती वाट बघत राहिली. दुसऱ्या भागाचं शेवटचं गाणं तेच होतं, तो गेला त्या दिवशीचं.

पहिलं कडवं झालं. दुसऱ्या कडव्यात, बरोबर त्याच जागी, शिट्टी वाजली. फक्त तिच्या कानात नव्हे, सगळ्या हॉलभर. लोकांनी कान झाकले, कुणाचं तरी मूल रडायला लागलं, साउंडवाला उठून उभा राहून एकामागून एक बटणं फिरवत होता आणि त्याला काही सापडत नव्हतं. व्हायोलिन थांबलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, कान फाटतोय असं वाटत होतं, पण या वेळी तिने यंत्र काढलं नाही. ते हाताने कानात दाबून धरून ती उभी राहिली.

शिट्टी जशी आली तशी गेली. त्या शांततेत, बाजूच्या खोलीतल्या माणसाशी बोलावं तसं ती माइकमध्ये म्हणाली, "काय म्हणत होतास रे तेव्हा?"

तिच्या कानात काहीच आलं नाही. स्वतःचा श्वाससुद्धा नाही. पण समोर पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी मान वळवून जवळच्या स्पीकरकडे पाहिलं. मग त्यांच्या शेजारच्याने. मग सगळ्या रांगेने. तिच्या पाठीमागे व्हायोलिनवाल्याने गज मांडीवर ठेवल्याचं तिला जाणवलं. कुणीतरी हसलं, प्रेमाने, आणि मग ते हसू चेहऱ्यावरून हळूहळू उतरत गेलं. एका माणसाने शेजारी बसलेल्या बायकोचा हात धरला. ती त्या सगळ्या चेहऱ्यांकडे अधाशासारखी बघत होती, त्यांच्यावरून वाक्य कळतंय का ते शोधत होती. मोठं वाक्य होतं. मध्ये तो थांबला असावा. मग आणखी काहीतरी, अगदी थोडकं.

आणि मग सगळा हॉल तिच्याकडे बघू लागला. कुणी हलत नव्हतं, कुणी खोकत नव्हतं. ते वाट बघत होते. त्याने काहीतरी विचारलं होतं आणि उत्तर तिने द्यायचं होतं, एवढंच तिला कळलं.

विचारता आलं असतं कुणालाही, काय म्हणाला हो तो? पहिल्या रांगेतल्या बाईंनी सांगितलंही असतं. पण आपल्या नवऱ्याने आपल्याला काय विचारलं, ते परक्या बाईच्या तोंडून ऐकायचं? तिचा जीव तयार होईना. तेवढ्यात तिसऱ्या रांगेत लेक उभी राहिली. पर्स खाली पडली होती. ती जोरजोरात मान हलवत होती.

"आई, नको! हो म्हणू नकोस, आई!"

तिने लेकीकडे पाहिलं. फार गुणाची पोर, बापाच्या वळणावर गेलेली. तिच्यासाठी काळीज तुटलं. पण इतक्या वर्षांत गाता गाता त्याला नाही म्हणायची कधी सोयच नव्हती.

"हो," ती म्हणाली, आणि ते शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ ऐकू गेलं.

पाठीमागे कमरेपाशी एक अंगठा टेकला. ऊबदार. टक्.

हॉलच्या टोकाला साउंडवाल्याने दोन्ही हात वर केले, मी कशालाच हात लावलेला नाही, अशा अर्थाने. लेक पायऱ्या चढून धावत येत होती, तिचं तोंड उघडं दिसत होतं, हाक मात्र येत नव्हती, पावलांचाही आवाज नव्हता. पहिल्या रांगेतल्या बाई कानामागे हात धरून पुढे वाकल्या होत्या. तिचे खांदे आपोआप सैल झाले, आणि मान न वळवता ती मनासारखं बोलू लागली.